जुन्या गाडीतल्या व्हॅक्यूमच्या नळ्या: कुठली कुठे आणि का

कार्बोरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा पार्ट) जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की इंजिनावर काळ्या बारीक रबरी नळ्यांचं जाळं दिसतं, आणि त्यातल्या दोन-तीन निघालेल्या असल्या की माणूस त्या जिथे रिकामं निपल, म्हणजे नळी बसवायचं छोटं तोंड, दिसेल तिथे खोचून मोकळा होतो. बसतातही मस्त, कारण बऱ्याच निपलांचा साइज सारखाच. गाडी चालू होते, पण आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसती चालू असताना, थरथरते, पिकअप जातो, पेट्रोल जास्त खाते आणि मग सगळे कार्बोरेटरला शिव्या घालतात. नळी कुठल्या पार्टला जाते हे सगळेच बघतात हो, ती व्हॅक्यूम कुठून घेते हे फार कमी जण बघतात, आणि खरा खेळ तिथेच आहे.

पिस्टन खाली जाताना हवा मागतो आणि वाटेत थ्रॉटलची चकती आडवी असते. ॲक्सिलरेटर सोडलेला असला की चकती जवळजवळ बंद, म्हणजे पिस्टन ओढतायत पण हवा पुरेशी येत नाही, त्यामुळे चकतीच्या खाली मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना मिश्रण वाटणाऱ्या पाइपांत, दाब पडतो. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल, आणि ठणठणीत इंजिन आयडलला असताना मॅनिफोल्डमध्ये तो ३० ते ४५ च्या आसपास उरतो. व्हॅक्यूम गेज बाहेरच्यापेक्षा दाब किती कमी ते दाखवतो, त्यावर हेच १७ ते २१ इंच पारा असं दिसतं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की चकती उघडी, काटा शून्याजवळ. (घाटमाथ्यावर रीडिंग कमी आलं तर घाबरू नका, दर ३०० मीटर उंचीला साधारण १ इंच कमी होतंच.)

म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब ही इंजिनावर किती लोड आहे याची बातमीच झाली, आणि कॉम्प्युटर नव्हते तेव्हा इंजिनिअर लोकांनी ही बातमी नळ्यांतून जिथे हवी तिथे पोचवली. मला हे डोकं आजही भारी वाटतं.

आता गोची अशी की निपल दोन जातीची असतात. एक चकतीच्या खाली, तिथे आयडलला सगळ्यात जास्त व्हॅक्यूम. दुसरं, ज्याला पोर्टेड म्हणतात, ते बंद चकतीच्या किंचित वर, तिथे आयडलला काहीच नाही, थोडी रेस दिली आणि चकतीची कड त्या भोकापुढून सरकली की मग व्हॅक्यूम सुरू. बाहेरून बघितलं तर दोन्ही निपल जुळी भावंडं.

एक्झॉस्ट गॅस परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह घ्या. जळलेला गॅस थोडा मिसळला की ज्वलनाचं टेम्परेचर उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी बनतात, पण आयडलला हे केलं तर आधीच कमी असलेलं मिश्रण नीट पेटतच नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी त्याची नळी पोर्टेड निपलला, आणि गरम पाण्यावर उघडणाऱ्या थर्मल स्विचमधून, म्हणजे थंड इंजिनलाही त्रास नको. हीच नळी चुकून मॅनिफोल्डला लागली की आयडलला गाडी थरथरणार किंवा सरळ बंद पडणार.

डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा पार्ट, त्याच्यावरच्या डबीतला पडदा स्पार्कची वेळ पुढे ओढतो. कमी लोडला सिलिंडरमधलं मिश्रण विरळ असतं, विरळ मिश्रण हळू जळतं, म्हणून ठिणगी आधी पडायला हवी. ही नळी पोर्टेडला लावायची का मॅनिफोल्डला यावरून लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत, कंपनीने जिथे दिलीय तिथेच, कारण आतल्या स्प्रिंगा आणि बेस टायमिंग (ठिणगीची मूळ वेळ) त्याच हिशोबाने ठरवलेलं असतं.

जाड नळ्यांचं गणित वेगळं, त्या बातमी नाही तर काम नेतात. ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या ब्रेक बूस्टरचा पडदा २० सेंटिमीटर व्यासाचा धरला आणि दोन बाजूंच्या दाबात ६० किलोपास्कलचा फरक असला तर जवळपास १९० किलो वजनाइतका जोर फुकटात मिळतो. म्हणून तिची लाइन थेट मॅनिफोल्डमधून आणि स्वतंत्र, मध्ये टी जॉइंट टाकून दुसरं काही जोडायचं नाही, आणि वनवे व्हॉल्व्हची दिशा उलटी झाली तर ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक लागतं. (जुन्या डिझेलला सहसा अशी चकतीच नसते, म्हणून तिथे बूस्टरसाठी वेगळा पंप. आणि फार जुन्या काही गाड्यांचे वायपरपण व्हॅक्यूमवर चालायचे, चढावर रेस दाबली की वायपर मेलेच.) क्रँककेसमधली (इंजिनाचा खालचा, ऑइलचा भाग) वाफ ओढणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हची नळीसुद्धा अशा जागी हवी की ती हवा सगळ्या सिलिंडरना सारखी वाटली जाईल, एकाच सिलिंडरच्या रनरवर (त्याच्याकडे जाणारा पाइप) लावली तर तो बिचारा एकटाच लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असा, चालणार.

नळी टाकताना एक्झॉस्टपासून लांब, तीव्र वळण नको, मध्ये झोळ नको कारण झोळात पेट्रोल आणि पाणी साचतं आणि बातमी उशिरा पोचते. सिलिकॉनच्या रंगीत नळ्या दिसायला छान, पण तेल आणि पेट्रोलच्या वाफेपुढे टिकत नाहीत, त्यामुळे पीसीव्ही आणि चारकोल कॅनिस्टरला (पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा डबा) त्या नकोत. पातळ भिंतीची नळी तर व्हॅक्यूमने आतल्या आत चपटी होते, बाहेरून काही कळत नाही.

लीक शोधायचा तर आयडलला एकेक नळी चिमटीत दाबून बघा, जी दाबल्यावर इंजिनाचा आवाज सुधारला तिच्या पलीकडे गडबड. कानाला लांब नळीचं टोक लावून फुसफुस ऐकली तरी चालतं, कार्ब क्लीनर मारू नका, गरम एक्झॉस्टवर पडला तर आग लागेल. बऱ्याच गाड्यांना बॉनेटच्या आत नळ्यांचा नकाशा चिकटवलेला असतो, तो पुसट झाला असेल तर एकेक नळी काढायच्या आधी फोटो काढून दोन्ही टोकांना सारखी चिठ्ठी लावा. सगळं जोडून झालं की ठिणगीची वेळ टायमिंग लाइटने चेक करा, बहुतेक गाड्यांत तेव्हा डिस्ट्रिब्युटरची नळी काढून तिचं तोंड बंद करावं लागतं, नुसती काढून लोंबत ठेवली तर तिथूनच हवा आत घुसते, आयडल हलतो आणि टायमिंगचं रीडिंग चुकतं.