प्लाझ्मिडची देवाणघेवाण: पाकीट सोपे, बाकीचे अवघड

१९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी पीएससी१०१ या प्लाझ्मिडात (जिवाणूत स्वतंत्रपणे वाढणाऱ्या डीएनएच्या छोट्या वलयात) परका डीएनए जोडून तो ई. कोलाय या जिवाणूत वाढवून दाखवला. मागणीपत्रे येऊ लागली. कोहेन यांनी प्लाझ्मिड दिले, पण लेखी हमी घेऊन: ट्यूमर निर्माण करणाऱ्या विषाणूंचे जीन त्यात घालायचे नाहीत आणि नमुना परस्पर तिसऱ्याला द्यायचा नाही.

बॉयर यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रयोगशाळेत तयार झालेले पीबीआर३२२ (१९७७) मात्र हातोहात पसरले. ४,३६१ बेस-जोड्यांच्या या प्लाझ्मिडात ॲम्पिसिलिन आणि टेट्रासायक्लिन या दोन प्रतिजैविकांपासून जिवाणूला वाचवणारे जीन होते. टेट्रासायक्लिनच्या जीनमध्ये बॅमएचआय या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने काप घेऊन तुकडा बसवला, की तो जीन निकामी होतो; म्हणून ॲम्पिसिलिनवर वाढणारी पण टेट्रासायक्लिनवर मरणारी कॉलनी (एका पेशीपासून वाढलेला पुंजका) हवी ती.

पाठवण्यात अडचण कधीच नव्हती. फिल्टर पेपरवर डीएनएचा थेंब सुकवायचा, भोवती पेन्सिलीने गोल काढायचा, पाकीट टपालात टाकायचे. घेणाऱ्याने गोल कापून ५० ते १०० मायक्रोलिटर टीई बफरमध्ये (डीएनए टिकवणाऱ्या द्रावणात) भिजवायचा आणि त्यातले थोडे कॉम्पिटंट, म्हणजे बाहेरचा डीएनए आत घ्यायला तयार केलेल्या, पेशींत घालायचे. नॅनोग्रॅमभर डीएनएही पुष्कळ होतो. १९९२ मध्ये डग्लस प्राशर यांनी चमकत्या जेलीफिशच्या जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा जीन क्लोन केला आणि मार्टिन चॅल्फी व रॉजर त्सिएन यांना पाठवला. त्या दोघांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. प्राशर यादीत नव्हते.

घोळ व्हायचा तो इतरत्र. प्लाझ्मिड बनवणारा विद्यार्थी पीएचडी करून गेलेला, उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधल्या नळीवरची अक्षरे पुसलेली, प्लाझ्मिडात कोणता जीन कुठे हे दाखवणारा नकाशा कुणाच्या तरी वहीत. त्यात १९८० च्या बाय-डोल कायद्याने अमेरिकी विद्यापीठांना सरकारी पैशातून झालेल्या शोधांचे पेटंट स्वतःकडे ठेवता येऊ लागले आणि प्रत्येक नळीमागे कराराची घासाघीस सुरू झाली. १९९५ मध्ये एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने साहित्य-हस्तांतरणाच्या कराराचा एकच मसुदा पुढे आणला: संस्थेने मूळ करारावर एकदा सही करायची, नंतर दर नमुन्याला छोटेसे पत्र पुरते.

मेलिना फॅन, केनेथ फॅन आणि बेंजी चेन यांनी २००४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज येथे ॲडजीन ही ना-नफा संस्था काढली, ती या दोन्ही दुखण्यांवर. जमा करणाऱ्याला खर्च नाही. मागवणारा शुल्क देतो. सिक्वेन्स (डीएनएतल्या बेसचा क्रम) तपासून सर्वांसमोर ठेवला जातो आणि करार ऑनलाइन उरकतो. आमच्या मते यातली सर्वांत मोलाची गोष्ट सिक्वेन्सची तपासणी, कारण नकाशा चुकीचा असेल तर फुकट मिळालेले प्लाझ्मिडही महागात पडते. २०१३ मध्ये क्रिस्पर या जीन-संपादन तंत्राची साधने जगभर इतक्या झपाट्याने पोचली, त्यात या व्यवस्थेचा वाटा मोठा.

ॲडजीनकडून माल येतो तो ‘स्टॅब’मध्ये, म्हणजे नळीतल्या अगारमध्ये टोचून वाढवलेल्या जिवाणूंच्या रूपात. त्यातून थेट मिनीप्रेप (थोड्या जिवाणूंतून प्लाझ्मिड वेगळे काढणे) करू नये. योग्य प्रतिजैविकाच्या प्लेटवर रेघ ओढून सुटी कॉलनी घ्यावी, कारण स्टॅबमध्ये प्लाझ्मिड गमावलेल्या पेशीही असू शकतात. ॲम्पिसिलिनची प्लेट जास्त वेळ ठेवली, तर मोठ्या कॉलनीतून बाहेर पडणारे बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम आजूबाजूचे औषध संपवते आणि बारीक उपकॉलन्या उगवतात. त्या उचलू नयेत. ॲम्पिसिलिनऐवजी कार्बेनिसिलिन हे प्रतिजैविक वापरल्यास हा त्रास कमी होतो. लेंटिव्हायरल (पेशींत जीन नेणारे विषाणू बनवण्याच्या) प्लाझ्मिडांत दोन्ही टोकांचे एलटीआर हे डीएनएचे तुकडे सारखे असल्याने ते आपसात जुळून मधला भाग गळतो; त्यासाठी एसटीबीएल३ सारख्या, असे जुळणे कमी होणाऱ्या, जिवाणूंच्या पेशी आणि ३० अंश तापमान बरे. डीएनए हाती आल्यावर बॅमएचआयसारख्या दोन-तीन रिस्ट्रिक्शन एन्झाइमने कापून जेलवर दिसणाऱ्या तुकड्यांच्या पट्ट्या नकाशाशी ताडून पाहाव्यात, मगच १५ ते २५ टक्के ग्लिसरॉलमध्ये साठा करावा.