पेटंट तडजोड करार : अर्थ आणि अंमलबजावणी

पेटंटच्या दाव्यातील दोन कंपन्या निकालापर्यंत न थांबता आपसांत मिटवतात, तेव्हा होणारा लेखी करार. मागच्या उल्लंघनाचे पैसे, पुढचा परवाना, रॉयल्टी, पुन्हा दावा न लावण्याची हमी असे बरेच काही त्यात येते. पुष्कळदा मूळ भांडण संपते आणि करारातल्या शब्दांवरून नवे सुरू होते.

अमेरिकेतील ट्रान्सकोअर प्रकरणात हे फार स्पष्ट दिसते. गाडी न थांबवता टोल कापणाऱ्या यंत्रणेची (आपल्या फास्टॅगच्या जातीची) पेटंटे ट्रान्सकोअरकडे होती. 2000 साली तिने मार्क फोर कंपनीवर दावा लावला. पुढच्या वर्षी मार्क फोरने 45 लाख डॉलर मोजले आणि यादीत नमूद केलेल्या पेटंटांसाठी यापुढे दावा लावणार नाही, असे ट्रान्सकोअरने लिहून दिले. नंतर इलिनॉयच्या टोल प्राधिकरणाने मार्क फोरची उपकरणे घेतली. ती बसवण्याचे काम ईटीसी या तिसऱ्याच कंपनीला मिळाले. ट्रान्सकोअरने तिला कोर्टात खेचले. ट्रान्सकोअरचे म्हणणे, आम्ही दावा न लावण्याचे कबूल केले, परवाना दिलेला नाही. त्रयस्थाला कसलाही परवाना नाही, असे करारातच लिहिले आहे.

फेडरल सर्किट न्यायालयाने (अमेरिकेत पेटंटची अपिले ऐकणाऱ्या न्यायालयाने) 2009 मध्ये हे फेटाळले. पेटंट म्हणजे मुळात दुसऱ्याला अडवण्याचा हक्क. अडवणार नाही म्हटले की परवानगी दिलीच, मग तिला नाव काहीही द्या. करारात विक्रीवर बंधन नव्हते, म्हणून मार्क फोरची विक्री अधिकृत ठरली. आणि अधिकृतपणे विकलेल्या वस्तूवरचा पेटंटहक्क तिथेच संपतो. यादीत नसलेले, तेव्हा अर्जावस्थेत असलेले एक व्यापक पेटंटही ट्रान्सकोअरला उगारता आले नाही. त्याच्याशिवाय यादीतले पेटंट वापरणेच शक्य नव्हते. माझ्या मते निकालातला हाच भाग सर्वांत न्याय्य आहे: पैसे घेऊन दिलेले मागच्या दाराने काढून घेता येत नाही.

मुदत लिहायची राहिली तरी घोटाळा होतो. किंबल विरुद्ध मार्व्हल या प्रकरणात स्पायडरमॅनच्या जाळे फेकणाऱ्या खेळण्यावर तडजोडीत 3 टक्के रॉयल्टी ठरली, शेवटची तारीख ठरलीच नाही. पेटंट संपल्यावरची रॉयल्टी वसूल होऊ शकत नाही, हा जुना नियम अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कायम ठेवला.

भारतात अंमलबजावणीची वाट तडजोड कुठे नोंदली यावर ठरते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23, नियम 3 खाली, दोन्ही पक्षांच्या सह्यांची कायदेशीर तडजोड न्यायालयापुढे ठेवली, तर तिचा हुकूमनामा (न्यायालयाचा बंधनकारक अंतिम आदेश) होतो. तो मोडला की थेट दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावता येते. न्यायालयाला दिलेली हमी मोडली असेल, तर अवमानाची कारवाईही होऊ शकते. बाहेर करार करून दावा नुसता मागे घेतला, तर सहसा करारभंगाचा नवा दावा लावावा लागतो. अमेरिकेतही 1994 च्या कोकोनेन निकालापासून, खटला काढून टाकताना न्यायाधीशाने अधिकार राखून ठेवला नसेल किंवा तडजोड आदेशात घेतली नसेल, तर निव्वळ त्या खटल्याच्या जोरावर फेडरल न्यायालयात करार बजावून घेता येत नाही.

पेटंटच्या वैधतेला आव्हान न देण्याची अट मात्र दोन्हीकडे वेगळी ठरते. अमेरिकेत तडजोडीतली अशी स्पष्ट अट 2001 च्या फ्लेक्सफूट निकालात टिकली. भारतात पेटंट अधिनियम, 1970 चे कलम 140 परवान्यातली अशी अट बेकायदा मानते.