तंबाखू, भूक आणि वजन : सीमाभागातील स्त्रियांच्या व्यसनामागचा इतिहास

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखू शेतात पिकते, वखारीत चाळली जाते आणि विडीत भरली जाते. या कामांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. १९८१ साली शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीत झालेले तंबाखू उत्पादकांचे आंदोलन भावासाठी होते. वखारीत राबणाऱ्या बाईच्या अंगात हीच तंबाखू मिश्रीच्या, म्हणजे दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूच्या भुकटीच्या, रूपाने काय करते, हा प्रश्न आरोग्याच्या चर्चेत फार उशिरा आला.

वजन, स्त्री-पुरुष भेद आणि व्यसन यांचे नाते बाजाराने मात्र लवकर हेरले होते. निकोटिनमुळे भूक मंदावते आणि शरीराचा ऊर्जाखर्च थोडा वाढतो. याच आधारावर १९२८ च्या सुमारास अमेरिकेत ‘लकी स्ट्राइक’ या सिगारेटने गोडाऐवजी सिगारेट घ्या, अशी जाहिरात करून सडपातळ राहू पाहणाऱ्या स्त्रियांना गाठले. वैद्यकीय संशोधनातून स्त्रिया दीर्घकाळ वगळल्या जात होत्या. सरकारी निधीवर चालणाऱ्या चाचण्यांत त्यांना घेणे अमेरिकेत कायद्याने बंधनकारक झाले ते १९९३ मध्ये. पुढे २००१-०२ च्या तेथील मोठ्या पाहणीत असे आढळले, की जादा वजनाच्या पुरुषांत मद्यविकाराचे प्रमाण अधिक होते, स्त्रियांत मात्र तसा संबंध दिसला नाही.

हे निष्कर्ष सीमाभागाला जसेच्या तसे लावणे मला योग्य वाटत नाही. तेथे तंबाखूमागे बारीक राहण्याची हौस होती; येथे रिकाम्या पोटी दिवसभर बसून काम उरकायचे असते आणि मिश्रीने भूक मारली जाते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया सुमारे २ टक्के, तर मिश्रीसारखी धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या सुमारे १३ टक्के आहेत. म्हणजे केवळ सिगारेट-विडीची चौकशी केली, तर तंबाखू घेणाऱ्या बहुतेक बायका नोंदीतून निसटतात. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा तंबाखूमुळे बाळाचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. आधीच अशक्त असलेल्या आईच्या बाळासाठी ही घट क्षुल्लक नाही.

महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. मिश्री मात्र घरच्या तव्यावर तंबाखू भाजून करता येते, त्यामुळे दोन्ही राज्यांच्या बंदीचा तिला फारसा अडसर झाला नाही.