फौजी ऑफिसरला पिस्तूल शूटिंग सोपंच जातं?

"आर्मीतला ऑफिसर रोज गोळ्या झाडतो, त्याला शूटिंगचं मेडल म्हणजे किरकोळ गोष्ट" असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. वाटणं साहजिक आहे, पण तसं नाहीये.

पहिलं म्हणजे बहुतेक ऑफिसर रोज गोळीबार करत नाहीत, दिवस जातो पीटी, ट्रेनिंग, जवानांची कामं आणि फाईलींमध्ये. दुसरं, ड्युटीचं पिस्तूल 9 एमएमचं, ते दोन्ही हातांनी धरायला शिकवतात आणि पटकन चालवतात. स्पर्धेतलं एअर पिस्तूल 4.5 एमएमचं, एकाच हाताने धरायचं, 10 मीटरवर 60 शॉट, आणि दहा गुणांचं वर्तुळ फक्त 11.5 मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं! त्यामुळे ऑफिसरलाही उभं राहणं, श्वास, ट्रिगर सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं, ड्युटी सांभाळून रात्री खोलीत भिंतीसमोर छर्रा न घालता तासन्‌तास ट्रिगर दाबायचा सराव करावा लागतो, आणि ही मेहनत कोणाला दिसतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

घरीच बघा, लिटरभर पाण्याची भरलेली बाटली एका हाताने खांद्याच्या उंचीवर मिनिटभर धरा. हात किती हलतो ते कळेल. बाकी आकडे स्पर्धेच्या नियमावलीत आहेत, ती नेटवर कोणालाही वाचता येते.