न्यूरॉन बसवलं, तरी कंपायलर का लागतो?

भाची मुलुंडला राहते. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तिला चेतापेशीचं सिम्युलेशन करायचं होतं. लॅपटॉपवर उबुंटू. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथनची वेगळी खोली, तयार करून पिपने (पायथनची पॅकेजं टाकणाऱ्या साधनाने) न्यूरॉन हे चेतापेशींच्या सिम्युलेशनचं पॅकेज टाकलं, इम्पोर्टही झालं. पण पोटॅशियम चॅनेलची, म्हणजे पेशीच्या पटलातल्या पोटॅशियमच्या वाटेची, समीकरणं असलेली मॉड फाइल वापरायला गेली, तर पायथन म्हणे या नावाची मेकॅनिझमच नाही. "मावशी, फाइल तर याच फोल्डरमध्ये आहे!"

फाइल होतीच, फक्त कंपाइल झाली नव्हती, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरली नव्हती. याचं कारण बरंच जुनं आहे.

१९५२ साली हॉजकिन आणि हक्सले यांनी म्हाकुळाच्या, म्हणजे स्क्विडच्या, जाड चेतातंतूवर मोजमापं करून विद्युत स्पंदाची समीकरणं मांडली. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्सलेंनी हँडल फिरवायच्या ब्रुन्स्विगा यंत्रावर आकडेमोड केली. एकेका स्पंदामागची ती चिकाटी आठवली की मला आजही भरून येतं. दोघांना १९६३ चं नोबेल मिळालं.

पुढे ड्यूक विद्यापीठात जॉन मूर यांच्याबरोबर काम करताना मायकेल हाइन्स यांनी न्यूरॉनचा पाया घातला. नंतर ते काम येलमध्ये वाढलं. वापरणाऱ्याने सूचना द्यायच्या त्या हॉक भाषेत. मूळची हॉक ही कर्निगन आणि पाइक यांनी युनिक्स शिकवताना उदाहरण म्हणून लिहिलेली छोटी भाषा. पण चॅनेलची समीकरणं तिच्यात चालवणं परवडणारं नव्हतं. न्यूरॉनची वेळेची नेहमीची पायरी ०.०२५ मिलिसेकंदाची, म्हणजे एका सेकंदाच्या सिम्युलेशनला ४०,००० पायऱ्या, त्याही पेशीच्या प्रत्येक तुकड्यासाठी. म्हणून चॅनेलसाठी एनमॉडल ही वेगळी भाषा आली. तिच्यातली मॉड फाइल आधी सी किंवा सी++ मध्ये उतरते, मग कंपाइल होते. ही व्यवस्था आजही तशीच आहे.

पायथन आला तो खूप उशिरा, आणि बाहेरच्या बाजूने. तोवर प्रत्येक सिम्युलेटरची भाषा वेगळी: न्यूरॉनची हॉक, नेस्टची एसएलआय, जेनेसिसची आणखी तिसरीच. लॅब बदलली की भाषा नव्याने शिका. २००९ मध्ये हाइन्स, डेव्हिसन आणि म्युलर यांनी न्यूरॉन पायथनमधून चालवण्याची रीत मांडली. जेनेसिसवर कॅलटेकमध्ये काम केलेले उपिंदर भल्ला पुढे बेंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये आले. ही संस्था आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरचंच केंद्र. तिथे मूस हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर घडलं. तेही वरून पायथन, आतून सी++.

लिनक्सवर पूर्वी आधी इंटरव्ह्यूज ही खिडक्या-आलेख दाखवणारी लायब्ररी बांधायची, मग न्यूरॉन, आणि कॉन्फिगर करताना पायथनचा पर्याय विसरलात तर पुन्हा पहिल्यापासून. तयार व्हील, म्हणजे आधीच कंपाइल केलेलं पॅकेज, आल्यामुळे तो त्रास संपला. पण तुमची मॉड फाइल कुठल्याच व्हीलमध्ये असणार नाही. ती तुमच्याच मशीनवर कंपाइल करावी लागते, म्हणून बिल्ड-इसेन्शियल हा उबुंटूचा कंपायलरचा संच हवाच. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटची सक्ती मात्र अलीकडची: उबुंटू २३.०४ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप थेट काही टाकू देत नाही, कारण सिस्टिमची स्वतःची साधनं त्याच पायथनवर चालतात.

भाचीने त्या फोल्डरमध्ये एनआरएनआयव्हीमॉडल ही मॉड फाइल कंपाइल करणारी आज्ञा चालवली, नवं फोल्डर तयार झालं आणि आलेखात स्पंद उमटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच एरर. पायथन तिने एक पायरी वरच्या फोल्डरमधून सुरू केला होता, आणि न्यूरॉन ते कंपाइल झालेलं फोल्डर शोधतं ते पायथन जिथून सुरू केला तिथेच.