नकली घड्याळांतील यंत्रांची ओळख

नामांकित घड्याळाची नक्कल आत कोणत्या यंत्रावर चालते, हे उघडून, पाहून आणि मोजून ठरवण्याची पद्धत. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या घड्याळाची तबकडी आणि पट्टा जाणकारालाही फसवू शकतात. घड्याळ किती टिकेल आणि बिघडले तर दुरुस्त होईल का, हे मात्र यंत्रावर ठरते.

रचनेची नक्कल आणि नावाची नक्कल या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. स्वित्झर्लंडच्या ईटीए कंपनीचे २८२४-२ हे स्वयंचलित यंत्र २५.६ मिमी व्यासाचे आणि ४.६ मिमी जाडीचे आहे. त्यात २५ ज्युवेल, म्हणजे घर्षण कमी करणारे कृत्रिम माणकाचे खडे, असतात. पेटंटची मुदत संपल्यावर याच रचनेवर स्वित्झर्लंडमधल्याच सेलिटाने एसडब्ल्यू २०० आणि चीनच्या सी-गलने एसटी २१३० काढले. ही दोन्ही यंत्रे आपापल्या नावाने विकली जातात, त्यांना नकली म्हणणे अन्यायाचे आहे. लबाडी होते ती अशा यंत्रावर दुसऱ्याचे नाव कोरल्यावर.

पहिली खूण ठोक्यांची. २८२४-२ आणि त्याची भावंडे तासाला २८,८०० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला ८. जपानी मियोटा ८२१५ आणि स्वस्त नकलांत सर्रास सापडणारे चिनी डीजी २८१३ यांचे ठोके २१,६००, म्हणजे सेकंदाला ६. मोबाइलवर सेकंदकाट्याचे स्लो-मोशन चित्रण करून एका सेकंदातली पावले मोजली की झाकण न उघडताही हा फरक कळतो.

झाकण उघडल्यावर रोटरवरच्या, म्हणजे मनगटाच्या हालचालीने फिरून चावी भरणाऱ्या वजनावरच्या, कोरीव नावाकडे लक्ष देऊ नये. कोरणे सर्वांत सोपे काम आहे. रोटर बाजूला फिरवून भिंगातून बॅलन्स चाक, म्हणजे मागे-पुढे झुलून ठोके देणारे चाक, पाहावे. रोलेक्सच्या १९८८ साली आलेल्या ३१३५ यंत्रात या चाकावरचा पूल, म्हणजे चाकाला वरून धरणारा धातूचा तुकडा, दोन्ही टोकांना टेकलेला असतो. घड्याळ पुढे किंवा मागे पडत असेल तर गती जुळवायला त्यात सरकती पट्टी नाही. चाकाच्या आतल्या कडेवरचे बारीक नट फिरवावे लागतात. ‘रोलेक्स’ लिहिलेल्या यंत्रात पूल एकाच टोकाला धरलेला आणि शेजारी + आणि − च्या खुणांमधली पट्टी दिसली, तर निकाल तिथेच लागतो. काही नकलांत साध्या यंत्रावर नुसती शोभेची पट्टी बसवून दुटोकी पुलाचा आभास करतात. तिरक्या उजेडात खालचा खरा पूल दिसतो. अलीकडे ३१३५ ची रचनाच उतरवलेली चिनी यंत्रेही निघाली आहेत. तिथे नुसत्या आकारावरून ओळख पटत नाही, स्क्रूच्या खाचा आणि कडांची सफाई पाहावी लागते.

क्रोनोग्राफमध्ये, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळांत, वाल्जू ७७५० या स्विस यंत्राच्या चिनी प्रती आढळतात. या यंत्राचा रोटर एकाच दिशेने चावी भरतो. उलट दिशेला तो मोकळा गरगरतो आणि मनगटाला हिसका जाणवतो. मूळ यंत्रात चालता सेकंदकाटा ९ च्या जागी असतो. रोलेक्स डेटोनासारखा तो ६ वर आणण्यासाठी जादा चाके घालतात, आणि अशी घड्याळे बहुधा तिथेच अडकतात.