रक्त, रक्तगट आणि रक्त साकळणे

रक्त म्हणजे शरीरभर फिरणारे द्रवरूप ऊतक. प्रौढ माणसाच्या अंगात ते साधारण ५ लिटर असते. त्यातला सुमारे ५५ टक्के भाग पिवळसर रक्तद्रवाचा, उरलेला जवळजवळ सगळा तांबड्या पेशींचा. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स मिळून जेमतेम १ टक्का भरतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस.

साकळणे : सोलापुरात मटणाच्या दुकानातून 'रक्ती' आणणाऱ्याला ही क्रिया ओळखीची असते. भांड्यात धरलेले बकऱ्याचे रक्त काही मिनिटांत थिजते, सुरीने वड्या पडतील इतके घट्ट होते आणि भोवती पिवळसर पाणी सुटते. ते पाणी म्हणजे रक्तरस. माणसाच्या रक्ताचेही असेच. रक्तवाहिनीला इजा झाली की आधी प्लेटलेट्स तिथे चिकटून तात्पुरते बूच बसवतात. मग रक्तद्रवातले घटक एकामागून एक कामाला लागतात. शेवटी थ्रोम्बिन तयार होते, ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे बनवते आणि त्या जाळ्यात पेशी अडकून गुठळी होते. घटकांचे क्रमांक १३ पर्यंत जातात, पण ६ वा नाहीच; तो वेगळा घटक नव्हे, हे मागाहून कळले. ८ वा घटक जन्मतः कमी असला तर हिमोफिलिया (रक्त नीट न साकळण्याचा आजार) ए, ९ वा कमी असला तर हिमोफिलिया बी. यांतले काही घटक यकृतात तयार होताना 'के' जीवनसत्त्व लागते.

या साखळीला कॅल्शियमही हवे. रक्तदानाच्या पिशवीत आधीच सायट्रेट घातलेले असते, ते कॅल्शियम बांधून ठेवते. म्हणून पिशवीत रक्ती होत नाही. असे रक्त शीतपेटीत ३५ दिवसांपर्यंत टिकते. प्लेटलेट्स मात्र २० ते २४ अंशांवर, सतत हलवत ठेवाव्या लागतात, आणि तरीही ५ दिवसांच्या आत वापराव्या लागतात.

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, घरोघरी पिंप भरलेले असतात आणि झाकण नसलेल्या पिंपात डेंग्यूचा डास वाढतो. मग 'सिव्हिल'च्या वॉर्डाबाहेर ऐकू येते, "पांढऱ्या पेशी कमी झाल्यात." डेंग्यूत पांढऱ्या पेशीही घटतात हे खरे, पण नातेवाइकांनी धास्ती घेतलेला आकडा प्लेटलेट्सचा असतो. निरोगी माणसात तो रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख असतो. नुसता आकडा उतरला म्हणून पिशवी चढवत नाहीत. रक्तस्राव नसेल तर सहसा १० हजारांपर्यंत वाट पाहतात.

रक्तगट : तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या शर्करेवरून ए, बी, एबी आणि ओ हे गट ठरतात. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये त्यांतले तीन दाखवले. एबी पुढच्या वर्षी सापडला. युरोपच्या मानाने आपल्याकडे बी गट बराच अधिक आढळतो. पेशीवर डी प्रतिजन (शरीराला आपले-परके ओळखू देणारी खूण) असेल तर पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह.

या शर्करांचा पाया असलेला एच प्रतिजनच नसणारा 'बॉम्बे' गट १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवला. अशा माणसाच्या रक्तरसात एचविरुद्धची प्रतिपिंडे असतात, त्यामुळे त्याला ओ गटाचे रक्तही चालत नाही, बॉम्बे गटाचेच लागते. म्हणून रक्तपेढीत पेशींबरोबर रक्तरसही तपासतात; नुसत्या पेशी पाहिल्या तर हा माणूस 'ओ' म्हणून नोंदला जातो.